सांगणारे आणि लिहिणारे

ग्रँट डफ हा साताऱ्यास ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधि होता. त्यानें लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं लंडनमध्यें तीन खंडांत छापला गेला, आणि पुढें कित्येक वर्षें मराठी मुलांनीं आपल्या पूर्वजांची ओळख त्याच ग्रंथावरून करून घेतली. त्या ग्रंथांतील दोष दाखविण्याचें धाडस नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनीं केलें. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं त्याच इतिहासाची निराळी मांडणी केली. आणि राजवाडे गांवोगांव हिंडून दप्तरें गोळा करीत राहिले. परक्याच्या लेखणींतून आपला इतिहास वाचावा लागणें म्हणजे काय, हें महाराष्ट्रास समजावून सांगण्याचें कारण नाहीं. परंतु मराठ्यांना इतिहास आहे एवढें तरी ग्रँट डफनें मान्य केलें होतें. आफ्रिकेच्या वाट्यास तेवढेंही आलें नाहीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत युरोपांतील विद्यापीठांनीं आफ्रिकेचा अभ्यास हातीं घेतला, तेव्हां तो इतिहासाच्या दालनांत बसला नाहीं. टोळ्या, चालीरीति आणि बोली यांच्या दालनांत बसला. त्या दालनांत आफ्रिकन मनुष्याची जागाही ठरून गेलेली होती. प्रश्न गोऱ्यानें विचारावा, उत्तर काळ्यानें द्यावें. एकानें सांगावें, दुसऱ्यानें लिहावें.

ही वांटणी मोडली ती कांहीं आफ्रिकन विद्यार्थी परदेशीं जाऊन आपल्याच देशाचा अभ्यास करूं लागले तेव्हां. स्वतःचें गांव समजून घेण्यासाठीं सातासमुद्रापलीकडे जावें लागावें हा प्रकार विपरीत खरा. परंतु ग्रंथ तेथें होते, सरकारी कागद तेथें होते, आणि ज्याच्या जोरावर मनुष्याचें म्हणणें ऐकून घेतलें जातें ती पदवीही तेथेंच मिळत होती.

या विद्येचें मुख्य पीठ लंडन. तेथील प्राच्यविद्येची शाळा १९१७ सालीं उघडली. तिच्या नांवांत आफ्रिकेचा समावेश होण्यास मात्र १९३८ साल उजाडावें लागलें. मध्यंतरीं १९२६ सालीं आफ्रिकेंतील भाषा व संस्कृति यांच्या अभ्यासासाठीं एक आंतरराष्ट्रीय संस्था लंडनमध्यें निघाली आणि १९२८ पासून तिचें ‘आफ्रिका’ नांवाचें नियतकालिक सुरू झालें. संस्थेचे अध्यक्ष लॉर्ड लुगार्ड. हे गृहस्थ नायजेरियाचे माजी गव्हर्नर-जनरल असून, देशी राजे व पाटील यांच्या हातून राज्य चालवावें या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते होते. संस्थानी कारभार पाहिलेल्यांस ही पद्धति नवी वाटणार नाहीं. असें राज्य चालवावयाचें तर कोणाचा मान काय, जमीन कोणाची, लग्न कसें लागतें आणि कसें मोडतें, हें सर्व माहीत हवें. म्हणून अधिकारी, मिशनरी आणि तरुण संशोधक या विद्येकडे वळले. अमेरिकेंतील रॉकफेलर निधीनें पैशाची सोय केली. यांतील अनेकांची विद्या सच्ची होती, आफ्रिकेविषयींचा जिव्हाळाही सच्चा होता. तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. फक्त त्या विद्येचें गिऱ्हाईक कोण, हें विसरतां कामा नये.

जोमो केन्याटा यांचें चरित्र या संदर्भांत विशेष पाहण्यासारखें आहे. केनियांतील किकुयू लोकांत, एका शेतकरी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. स्कॉटिश मिशनच्या शाळेंत लिहिणें-वाचणें आणि सुतारकाम शिकून ते नैरोबीच्या नगरपालिकेंत पाण्याचे मीटर तपासण्याच्या कामावर लागले. १९२८ सालीं ते किकुयू सेंट्रल असोसिएशनचे चिटणीस झाले आणि ‘मुइग्विथानिया’ नांवाचें किकुयू भाषेंतील नियतकालिक चालवूं लागले. डोंगराळ भागांतील उत्तम जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांना मिळाल्या होत्या, आणि ज्यांच्या वाडवडिलांनीं त्या कसल्या ते तेथेंच मजूर झाले होते. हें गाऱ्हाणें मांडण्यासाठीं असोसिएशननें १९२९ सालीं त्यांना लंडनला पाठविलें. प्रवासाच्या खर्चास नैरोबीच्या हिंदी व्यापाऱ्यांचा हातभार लागला आणि ईशर दास नांवाचे एक हिंदी कार्यकर्ते त्यांच्याबरोबर गेले. अर्थात् केन्याटा विलायतेस गेले ते अर्जदार म्हणून. विद्यार्थी होण्याचा विचार तेव्हां त्यांच्या मनांत नव्हता.

अर्जास फारशी दाद मिळाली नाहीं. १९३० सालीं ते परतले, १९३१ सालीं पुन्हां गेले, आणि मग पंधरा वर्षें त्यांना मायदेश दिसला नाहीं. १९३२ सालीं जमिनीच्या चौकशीसाठीं नेमलेल्या आयोगापुढें त्यांनीं लंडनमध्येंच साक्ष दिली. आयोगाच्या निर्णयानें किकुयूंचें समाधान झालें नाहीं. हे दिवस मोठ्या ओढगस्तीचे होते. खोलीचें भाडें थकत असे. पोटासाठीं १९३५ सालच्या ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ या चित्रपटांत टोळीवाल्यांच्या गर्दींत उभें राहण्याचें कामही त्यांनीं केलें. एका शहाण्या ब्रिटिश अधिकाऱ्यामुळें आफ्रिकन लोक सुखानें नांदतात, असा त्या चित्रपटाचा मतितार्थ! त्यांत प्रमुख आफ्रिकन भूमिका करणारे विख्यात गायक पॉल रोबसन हे अमेरिकेंतील गुलामाचे पुत्र होते. तेही त्याच सुमारास लंडनच्या प्राच्यविद्येच्या शाळेंत आफ्रिकन भाषा शिकण्यासाठीं दाखल झाले होते. पडद्यावर खोटी आफ्रिका उभी करून त्याच शहरांत खऱ्या आफ्रिकेचा शोध घेण्याची पाळी या दोघांवर यावी, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

विद्यापीठांत केन्याटा यांचा प्रवेश झाला तो मागील दारानें. किकुयू भाषेंत स्वराच्या चढ-उतारावर शब्दाचा अर्थ बदलतो. या चढ-उतारांचा अभ्यास युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ध्वनिशास्त्र विभागांत लिलियस आर्मस्ट्राँग या विदुषी करीत होत्या, आणि त्यांना उच्चार करून दाखविण्यासाठीं जन्मजात किकुयू बोलणारा मनुष्य हवा होता. केन्याटा यांनीं शब्द उच्चारावा, बाईंनीं तो चिन्हांत टिपावा, असें हें काम थोड्या वेतनावर चालत असे. बाई १९३७ सालीं निवर्तल्या. त्यांचा किकुयू उच्चारशास्त्रावरील ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथ उत्तम आहे. ग्रंथकर्ती अर्थातच एकच, आणि केन्याटा हे तींत ‘सांगणारे’.

परंतु १९३५ सालीं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें त्यांना निराळी खुर्ची मिळाली. ब्रोनिस्लाव मॅलिनोवस्की हे पोलिश प्राध्यापक तेथें मानववंशशास्त्र शिकवीत. ज्या लोकांचा अभ्यास करावयाचा त्यांच्यांत जाऊन राहावें, त्यांच्या भाषेंत बोलावें, त्यांचा प्रत्येक आचार त्यांच्या एकंदर जीवनांत कशासाठीं आहे तें पाहावें, ही त्यांची पद्धति. त्यांच्या चर्चावर्गाची कीर्ति मोठी होती. नेहमींची पदवी नसतांही केन्याटा यांना तेथें प्रवेश मिळाला. आपल्याच लोकांत राहून आलेल्या मनुष्यास आणखी कोठें जाऊन राहावयाचें होतें? इतरांना जें वर्षभर तंबू ठोकून मिळवावें लागे, तें त्यांच्या लहानपणांतच होतें. शिकावयाची होती ती मांडणीची रीत. त्याच वर्गांत पुढें एल्स्पेथ हक्स्ली या लेखिका बसत. त्यांचे आईवडील केनियांत मळा करून राहिलेले गोरे वसाहतवाले. म्हणजे ज्या जमिनीवरून भांडण, तिच्या दोन्ही बाजूंचीं माणसें लंडनमध्यें एकाच बांकावर आलीं.

केन्याटा यांचे खरे प्रतिस्पर्धी दुसरेच होते. लुई लीकी यांचे वडील किकुयूंतील मिशनरी. लुई तेथेंच जन्मले, किकुयू मुलांत वाढले आणि ती भाषा मातृभाषेप्रमाणें बोलत. ऱ्होड्स निधीच्या साहाय्यानें १९३७ पासून दोन वर्षें खपून त्यांनीं किकुयू समाजाचें अतिविस्तृत वर्णन लिहून काढलें. त्यांनीं अनेक वृद्धांना बोलतें केलें आणि बारीकसारीक तपशील जपून ठेवले, याबद्दल पुढील अभ्यासक त्यांचे ऋणी आहेत. मात्र तो ग्रंथ इतका अवाढव्य झाला कीं, लेखकाच्या हयातींत तो छापलाच गेला नाहीं. लीकी १९७२ सालीं वारले आणि ग्रंथाचे तीन खंड १९७७ सालीं बाहेर आले. केन्याटा यांचें पुस्तक १९३८ सालींच लंडनमध्यें निघालें.

त्या पुस्तकाचें नांव ‘फेसिंग माउंट केनिया’. ‘जोमो’ हें नांव त्यांनीं प्रथम याच पुस्तकावर घातलें. आरंभीं त्यांचें छायाचित्र आहे: खांद्यावर कातड्याचें वस्त्र, हातांत भाला, आणि भाल्याचें टोंक बोटानें तपासून पाहण्याचा आविर्भाव. लंडनमध्यें एरवीं कोट-पाटलोण घालणाऱ्या गृहस्थांनीं हा वेष मुद्दाम केला होता, आणि त्यांतील थट्टा व धमकी दोन्ही चाणाक्ष वाचकास कळत होत्या. प्रस्तावना मॅलिनोवस्की यांची. आंत नातीं, शेती, शिक्षण, लग्न, धर्म, न्याय यांवर रीतसर प्रकरणें आहेत. वरवर पाहतां तो मानववंशशास्त्राचा प्रबंध वाटतो. परंतु जमिनीच्या प्रकरणांत पोहोंचतांच प्रबंध हा दावा बनतो. किकुयूंची जमीन बेवारस नव्हती, प्रत्येक शेताला धनी होता, सीमा होत्या, विक्रीचे विधि होते, हें लेखक एकेक पुराव्यानें मांडतो आणि शेवटीं एक पशुकथा सांगतो. पावसांत हत्तीनें मित्र म्हणून माणसाच्या झोपडींत सोंड घालण्यापुरती जागा मागितली आणि पुढें माणसालाच बाहेर काढलें. सिंहानें चौकशीसाठीं आयोग नेमला, सभासद सगळे पशु, निकाल हत्तीकडून. दुसऱ्या झोपडींत गेंडा शिरला, तिसरींतही तेंच. शेवटीं त्या माणसानें एक मोठी झोपडी बांधली, सर्व पशु हक्क सांगत आंत शिरून भांडूं लागले, आणि त्यानें बाहेरून आग लावली. पंचतंत्रावर वाढलेल्या वाचकाला या कथेचें तात्पर्य विचारावें लागणार नाहीं.

पुस्तक सर्वस्वीं निर्दोष आहे असें मात्र म्हणवत नाहीं. जुन्या किकुयू समाजाचें चित्र लेखकानें फार एकजीव, फार समाधानी रंगविलें आहे. गरीब आणि श्रीमंत, थोरले आणि धाकटे यांच्यांतील ताण त्यांत जवळजवळ दिसत नाहींत. मुलींच्या दीक्षाविधींतील शस्त्रक्रियेचा प्रश्न तर अधिक नाजूक. मिशनऱ्यांनीं १९२९ सालीं तिच्याविरुद्ध मोहीम उघडली होती, आणि किकुयू समाज दुभंगला होता. केन्याटा यांनीं त्या विधीचें समर्थन केलें. मिशनरी ती बंद करूं पाहत होते म्हणून ती टिकविणें हा स्वाभिमानाचा प्रश्न झाला, हें समजण्यासारखें आहे. पण ज्या मुलींच्या देहाला तें भोगावें लागलें त्यांचें म्हणणें पुस्तकांत कोठेंच ऐकूं येत नाहीं. ‘सांगणारा’ लिहूं लागला, तरी त्याच्याही मागें न विचारलेले सांगणारे उरलेच. संमतिवयाच्या वादांत परकीय कायदा आणि स्वकीय रूढि यांच्या कात्रींत सापडलेला महाराष्ट्र आठवला, म्हणजे या प्रकरणाकडे थोड्या नम्रतेनें पाहतां येतें.

पहिल्या आवृत्तीच्या सुमारें पांचशेच प्रती खपल्या. तरी आफ्रिकन विद्यार्थ्यांत त्या पुस्तकाची वार्ता दूरवर गेली.

याच वर्षांत अमेरिकेंत दुसरी एक धारा वाहत होती. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठांत विल्यम लिओ हॅन्सबेरी हे कृष्णवर्णी अमेरिकन प्राध्यापक १९२२ पासून आफ्रिकेचा प्राचीन इतिहास शिकवीत होते. इथिओपिया, नूबिया, घाना आणि माली हीं राज्यें हा त्यांचा ध्यास. सहकाऱ्यांना त्यांच्या विषयाबद्दलच शंका, त्यामुळें बढती लांबलेली. आणि त्यांच्या विषयांत वरची पदवी द्यावी तर ती तपासणारा अधिकारी पुरुष मिळणें कठीण. १९३७-३८ सालीं ते ऑक्सफर्डलाही जाऊन आले. डॉक्टरेट त्यांना अभ्यास करून शेवटपर्यंत मिळाली नाहीं. मात्र त्यांच्या वर्गांत बसलेला नामदी अझिकिवे नांवाचा नायजेरियन विद्यार्थी पुढें आपल्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याच्या पुढाकारानें १९६० सालीं न्सुक्का येथें निघालेल्या विद्यापीठांत १९६३ सालीं आफ्रिकाविषयक अभ्याससंस्थेला हॅन्सबेरींचें नांव देण्यांत आलें. गुरूला घरीं न मिळालेला मान शिष्याच्या देशीं मिळाला.

गोल्ड कोस्टचे क्वामे एन्क्रुमा हे १९३५ सालीं अमेरिकेस गेले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत असतां त्यांनींही फांटी भाषा एका भाषाशास्त्रज्ञास बोलून दाखविण्याचें काम केलें. तिचें व्याकरण विल्यम वेल्मर्स यांच्या नांवानें १९४६ सालीं निघालें. लंडनमध्यें केन्याटा आणि फिलाडेल्फियांत एन्क्रुमा, दोघेही भावी राष्ट्रप्रमुख, दोघेही आपल्या मुलखाची भाषा दुसऱ्याच्या टिपणवहीसाठीं सावकाश उच्चारीत बसलेले! १९४४ सालीं लंडनच्या शाळेंत याच त्वी-फांटी मुलखांतून आणखी एक तरुण आला. त्याचें नांव क्वाबेना एन्केटिया. भाषेच्या अध्यापनास साहाय्य करतां करतां तो भाषाशास्त्र शिकला आणि पुढें आफ्रिकेच्या संगीताचा थोर अभ्यासक झाला. त्याची गांठ पुढें पडेल.

महायुद्धानंतर विद्येचें वारें फिरूं लागलें. १९४८ सालीं अमेरिकेंत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत हर्स्कोविट्स यांनीं आफ्रिकेच्या अभ्यासाचा स्वतंत्र क्रम सुरू केला. त्याच वर्षीं लंडनच्या शाळेंत रोलंड ऑलिव्हर यांची नेमणूक झाली. त्यांचें पद ‘पूर्व आफ्रिकेंतील टोळ्यांच्या इतिहासाचे व्याख्याते’ असें होतें. ‘इतिहास’ शब्द आला, ‘टोळ्या’ सुटल्या नव्हत्या. ऑलिव्हर यांनीं तें बिरुद मनावर घेतलें नाहीं, आणि १९६० सालीं फेज यांच्यासह ‘जर्नल ऑफ आफ्रिकन हिस्टरी’ हें नियतकालिक काढलें.

परंतु इतिहासाचा पाया घातला तो केनेथ ओन्वुका डिके या नायजेरियन विद्यार्थ्यानें. स्कॉटलंडमध्यें ॲबर्डीनला शिकून ते लंडनच्या किंग्ज कॉलेजांत आले आणि १९५० सालीं डॉक्टर झाले. नायजर नदीच्या मुखाशीं एकोणिसाव्या शतकांत चाललेला व्यापार व राजकारण हा त्यांचा विषय. ग्रंथ १९५६ सालीं प्रसिद्ध झाला. लंडनच्या दप्तरांतील कौन्सलांचे खलिते तर त्यांनीं वाचलेच. पण त्या खलित्यांत ज्यांचा उल्लेख ‘अडथळा आणणारे दलाल’ अशा थाटानें येतो, त्या नदीमुखावरील नगरांच्या परंपरा त्यांनीं तेथील लोकांकडून ऐकून घेतल्या आणि दोहोंचा मेळ घातला. त्यामुळें चित्रच पालटलें. युरोपियन व्यापारी दीर्घकाळ किनाऱ्यापुरते राहिले, कारण आंतील बाजारपेठांच्या वाटा आफ्रिकन नगरांच्या हातीं होत्या. ओपोबोचा जाजा हा राजा पूर्वाश्रमींचा गुलाम. त्यानें आपल्या कर्तृत्वावर नवें नगर वसविलें, पामतेलाचा व्यापार हातांत ठेवला, आणि तो ऐकेना तेव्हां १८८७ सालीं ब्रिटिश कौन्सल जॉन्स्टन यानें बोलणें करण्याच्या निमित्तानें बोलावून त्याला हद्दपार केलें. महाराष्ट्रांतील श्रोत्यास अशा बोलावण्यांचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाहीं.

डिके यांना आपल्या अभ्यासांत एक गोष्ट बोंचली असली पाहिजे: नायजेरियाचा इतिहास लिहावयाचा तर लंडनचें दप्तर, कारण नायजेरियांतील कागद जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांत वाळवीच्या स्वाधीन झालेले. परत गेल्यावर १९५१ पासून त्यांनीं सरकारच्या सांगण्यावरून त्या कचेऱ्या पालथ्या घातल्या. १९५४ सालीं दप्तरखान्याची स्थापना झाली. तेंच पुढें नायजेरियाचें राष्ट्रीय पुराभिलेखागार. राजवाड्यांच्या भ्रमंतीची आठवण येथें कोणासही होईल. फरक इतकाच कीं, राजवाड्यांना सरकारचें पाठबळ नव्हतें, आणि डिके यांना तें असूनही वाळवी तीच होती.

एवढें झाल्यावरही १९६३ सालीं ऑक्सफर्डचे नामांकित इतिहासाध्यापक ट्रेव्हर-रोपर यांनीं एका व्याख्यानमालेंत, आफ्रिकेंत इतिहास आहे तो युरोपियनांचा, बाकी सारा अंधार, अशा अर्थाचे उद्गार काढले. तीं व्याख्यानें दूरचित्रवाणीवरून प्रसारितही झालीं. या उद्गारांनीं त्या अध्यापकांपेक्षां आफ्रिकन इतिहासाचाच अधिक फायदा झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें कित्येक वर्षें नव्या विद्यार्थ्यांना चिडविण्यास तेवढें एकच वाक्य पुरलें.

त्याच १९६३ सालच्या २५ ऑक्टोबरला घानांत लेगॉन येथील विद्यापीठांत आफ्रिकाविषयक अभ्याससंस्थेचें उद्घाटन एन्क्रुमा यांच्या हस्तें झालें. आफ्रिकेकडे आफ्रिकेंतून पाहिलें पाहिजे, हा त्यांच्या भाषणाचा रोंख होता. आदल्या वर्षाच्या डिसेंबरांत आफ्रिकेच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद याच परिसरांत भरली होती आणि तिचें अध्यक्षपद डिके यांच्याकडे होतें. संस्थेचे पहिले संचालक थॉमस हॉजकिन हे इंग्रज विद्वान. त्यांच्यानंतर ती जागा एन्केटिया यांच्याकडे आली. आतां प्रवासाची दिशा उलटली. युरोप-अमेरिकेचे विद्यार्थी लेगॉनला येऊं लागले, आणि त्यांना ढोलाची भाषा शिकावयाची तर परंपरेनें वाजवीत आलेल्या वादकांपुढें बसावें लागे. लंडनच्या शाळेंत एके काळीं एन्केटिया ज्या जागेवर बसले होते ती जागा तेथें परक्या विद्यार्थ्याची झाली.

गयानाचा वॉल्टर रॉडनी हा विद्यार्थी तर तिसऱ्याच खंडांतला. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकनांचा हा वंशज लंडनला आला, पोर्तुगीज व स्पॅनिश शिकून लिस्बन आणि सेव्हिल येथील दप्तरें वाचूं लागला, आणि १९६६ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासावर डॉक्टर झाला. नंतर टांझानियांत दार-एस-सलामच्या विद्यापीठांत त्यानें अध्यापन केलें. युरोपनें आफ्रिकेला मागास कसें केलें हें सांगणारा त्याचा १९७२ सालचा ग्रंथ अतिशय गाजला. त्यांत आवेश पुष्कळ, पण पहिल्या प्रबंधांतील दप्तरांचें काम अधिक टिकाऊ आहे.

या कथेशीं महाराष्ट्राचा धागा जुळतो तो नैरोबींत. औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधि यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत हे १९४८ सालीं स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून तेथें गेले. ऑक्सफर्डला शिकलेल्या आणि गांधीजींच्या सल्ल्यानें औंधमध्यें लोकांच्या हातीं सत्ता देण्याच्या प्रयोगांत वाढलेल्या या राजपुत्राचें घर आफ्रिकन पुढाऱ्यांना उघडें असे. १९४६ सालीं मायदेशीं परतलेले केन्याटा त्यांतलेच. भारत सरकारनें १९४९ पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ केला, त्यांचा लाभ आफ्रिकन मुलांना मिळावा म्हणून पंत झटले. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या डोळ्यांत हें सलत होतें. १९५४ सालीं पंतांना नैरोबी सोडावें लागलें. पुढच्याच वर्षीं, १९५५ सालीं, दिल्ली विद्यापीठांत आफ्रिकेच्या अभ्यासाचा विभाग निघाला आणि तेथें स्वाहिली शिकविली जाऊं लागली. मुंबई विद्यापीठांतील केंद्र १९७१ सालचें. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यामुळें ज्या प्रांताला आफ्रिका शतकानुशतकें ठाऊक, त्याच्या विद्यापीठानें इतका उशीर करावा हें नवल. नैरोबींत मात्र हिंदी रहिवाशांनीं गांधीजींच्या स्मरणार्थ जमविलेला निधि तेथील तांत्रिक महाविद्यालयास मिळाला, १९५६ सालीं डॉ. राधाकृष्णन् यांनीं तेथें गांधीजींच्या पुतळ्याचें अनावरण केलें, आणि त्याच महाविद्यालयाचें पुढें नैरोबी विद्यापीठ झालें.

केन्याटा यांना १९५२ सालच्या ऑक्टोबरांत पकडण्यांत आलें. कापेंगुरिया येथील खटल्यांत किकुयू साक्षींचा अनुवाद करण्यासाठीं सरकारनें आणलेले दुभाषी म्हणजे लुई लीकी! बचाव पक्षानें हरकत घेतल्यामुळें त्यांना तें काम सोडावें लागलें. बचावाच्या बाजूस भारतांतून दिवाण चमनलाल येऊन उभे राहिले होते. १९५३ सालच्या एप्रिलांत सात वर्षांची शिक्षा झाली. १९६३ सालीं देश स्वतंत्र झाला आणि शिक्षा भोगलेला विद्यार्थी आधीं पंतप्रधान व पुढच्या वर्षीं राष्ट्राध्यक्ष झाला.

१९६८ सालच्या ऑक्टोबरांत नैरोबीच्या विद्यापीठांत तीन तरुण अध्यापकांनीं एक टिपण सादर केलें. त्यांतील एक, न्गुगी वा थिआंगो, हे किकुयू. इंग्लंडमध्यें लीड्सला शिकून आलेले. इंग्रजी विभाग मध्यभागीं आणि आफ्रिकन वाङ्मय त्याचें शेंपूट, ही रचना मोडून आफ्रिका मध्यभागीं ठेवा, अशी त्या टिपणाची मागणी होती, आणि बऱ्याच अंशीं ती मान्य झाली. न्गुगी तेवढ्यावर थांबले नाहींत. १९७७ सालीं कामिरिथु या खेड्यांत शेतकरी-मजुरांच्या साह्यानें त्यांनीं किकुयू भाषेंत नाटक उभें केलें. विषय पुन्हां जमिनीचाच. पण या वेळीं जमीन गिळणारे गोरे नव्हते. सरकारनें नाटक बंद केलें, आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशीं न्गुगींना चौकशीवांचून तुरुंगांत टाकलें. राष्ट्राध्यक्ष केन्याटाच होते. हत्ती आणि झोपडी यांची कथा लिहून त्यांना एकोणचाळीस वर्षें झालीं होतीं. ते १९७८ सालच्या ऑगस्टांत वारले, आणि डिसेंबरांत न्गुगी सुटले. तुरुंगांत शौचासाठीं मिळणाऱ्या जाड कागदावर त्यांनीं किकुयू भाषेंतील आपली पहिली कादंबरी लिहिली होती.